चार पेट्या आणि बटणवाली

आमच्या इमारतीची राखण करणारी बाई तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एकोणीस वर्षं राहते आहे. सगळे तिला बटणवाली म्हणतात. आधी ती शर्टांच्या कारखान्यात बटणं लावत असे. डोळे अधू झाले तसं कारखान्याने तिला काढलं आणि आम्ही ठेवलं. उदारपणाने नव्हे, त्या खोलीत राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

बेचाळीस घरांच्या जादा किल्ल्या तिच्याकडे असत. एका फळीवर खिळे मारून तिने त्या टांगल्या होत्या. नाव नाही, आकडा नाही. प्रत्येक किल्लीला त्या त्या घरातल्या जुन्या कपड्याचं एक बटण दोऱ्याने बांधलेलं. त्यावरून अंगठा फिरवला की घर कोणतं ते तिला कळे. एकोणीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही. झाली असती तर माझ्या रोजनिशीत नोंद असती.

इमारतीत चार-पाच भाषा चालतात. बटणवाली त्या सगळ्या बोलते आणि सगळ्या चुकीच्या बोलते. कोणी दुरुस्त केलं तर म्हणते, "तुम्हाला कळलं ना? मग व्याकरण तुम्हीच घाला."

इमारतीच्या समितीचे चिटणीस आणि दुसऱ्या मजल्यावरचे साहेब यांचा वाद मात्र शुद्ध भाषेत चाले. दर रविवारी, फाटकाजवळच्या बाकावर. चिटणीस कॉलेजात समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणत, तऱ्हेतऱ्हेची माणसं हेच देशाचं बळ. साहेब सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणत, तऱ्हेतऱ्हेची माणसं एकत्र आली की देशाला तडा गेलाच म्हणून समजा. दोघांपैकी एकालाही शेजारच्या घरावरच्या पाटीवरचं नाव धड उच्चारता येत नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र या दोघांचं एकमत झालं. मी तारीख लिहून ठेवली आहे. ठरलं असं, की किल्ल्या समूहवार वाटायच्या. चौथ्या मजल्यावर, चिटणिसांच्या दारासमोर, भिंतीवर चार लोखंडी पेट्या बसवायच्या. तीन पेट्या तीन समूहांच्या, प्रत्येकीला आपापला प्रतिनिधी आणि आपापलं कुलूप. चौथी 'इतर' म्हणून. चिटणिसांच्या मते यात प्रत्येकाच्या ओळखीचा सन्मान होता. साहेबांच्या मते आपली किल्ली भलत्यांच्या हाती जाणार नव्हती. एकाला मान द्यायचा होता, दुसऱ्याला संशय घ्यायचा होता, आणि दोघांनाही पेटी तीच लागली! आम्ही बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरोघर अर्ज आले. बटणवालीलाही एक आला. 'समूह' या रकान्यात तिने लिहिलं: तळमजला.

"अहो बाई, असं नाही चालत," चिटणीस म्हणाले. "तुमचे आईवडील कोण होते?"

"आई एकीकडची, बाप दुसरीकडचा. दोघं भांडायचे तिसऱ्याच भाषेत. कुठलं लिहू?"

"इतर लिहा."

"इतर म्हणजे कोण?"

"म्हणजे... जे कोणीच नाहीत ते."

"मग राहू द्या की तळमजला. तिथे निदान मी आहे."

तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. नवरा एका समूहातला, बायको दुसऱ्या. त्यांनी अर्जावर दोन खुणा केल्या. चिटणिसांनी तो परत पाठवला, दोन खुणा चालत नाहीत म्हणून. त्यांनी पुन्हा दोनच केल्या. त्यांची किल्ली 'इतर'मध्ये गेली. त्या पेटीत तेवढी एकच किल्ली. तिला प्रतिनिधी नव्हता, कारण एकट्या घराची निवडणूक कशी घ्यायची, याचा नियम झाला नव्हता. म्हणून तिच्या कुलपाची किल्ली चिटणिसांच्या खिशात. फळीवरच्या किल्ल्यांची बटणं चिटणिसांनी स्वतः कात्रीने कापली आणि त्यांच्या जागी रंगीत चकत्या अडकवल्या. फार सुबक दिसत होत्या.

मंगळवार होता, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या जोडप्यातली बायको कचरा टाकायला बाहेर आली आणि वाऱ्याने दार लागलं. लॅचचं दार. आत दोन वर्षांची लेक, गॅसवर दूध. तिची हाक ऐकून मी जिन्यात आले, तेव्हा बटणवाली आधीच वर धावत होती. बासष्ट वर्षांची बाई.

चिटणिसांच्या दाराला कुलूप. ते एका सभागृहात भाषण द्यायला गेले होते. विषय, एकात्मता. फोन बंद. तीनही प्रतिनिधी पेट्यांसमोर जमले. एक म्हणाले, "आमच्या पेटीत असती तर क्षणात दिली असती हो!" दुसरे म्हणाले, "चिटणिसांना विचारल्याशिवाय दुसऱ्यांच्या पेटीला हात लावणं बरं दिसत नाही." तिसरे साहेब होते, ते घड्याळ बघत होते. खालच्या दारातून गॅसचा वास येऊ लागला. दूध उतू जाऊन ज्योत विझली असणार.

"सरका," बटणवाली म्हणाली. पाण्याच्या टाकीचं झाकण उचलायची पहार तिने गच्चीवरून आणली होती. चार घावांत 'इतर'ची पेटी भिंतीवरून खाली आली, पाचव्यात उघडली. तिने दार उघडलं, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पोरीला काखोटीला मारून बाहेर आणली. पोरीच्या हातात चमचा होता आणि तो घेतला म्हणून ती रडत होती. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. फळीवरून एक लागलं असतं.

संध्याकाळी चिटणीस परतले आणि त्यांनी भिंतीतली भोकं पाहिली. दोन दिवसांत नोटीस लागली: समितीच्या मालमत्तेची मोडतोड, आणि अधिकार नसताना एका समूहाच्या किल्लीला हात लावणे. बाईंना कामावरून काढून खोली रिकामी करून घेण्याचा ठराव, रविवारी सभा.

मधल्या तीन दिवसांत गंमत झाली. लोक एकेक करून जिन्याखाली जाऊ लागले. प्रत्येकाने नवी किल्ली करून घेतलेली. प्रत्येकाचं वाक्य तेच: "मावशी, आमची ठेवा तुमच्याकडे, पण बाकीच्यांना कळू देऊ नका. त्यांना आवडायचं नाही." तिने एकेकीला बटण बांधलं आणि कोणालाही काही सांगितलं नाही. शनिवारी फळी भरली. मीही दिली होती.

सभेत चिटणिसांनी ठराव वाचला. बटणवाली दाराशी उभी होती. तिच्या बाजूने कोणी बोलेना. जो तो दुसऱ्या समूहाने आधी तोंड उघडण्याची वाट बघत होता. नऊ हात वर गेले.

तेवढ्यात चिटणिसांच्या बायको उठल्या. "हे बघा, हिला काढलंत तर मी किल्ली ठेवू कुणाकडे?"

"आपली किल्ली पेटीत आहे," चिटणीस म्हणाले.

"ती तुमची. माझी खाली आहे. तुम्ही भाषणाला गेलात की मी काय दारात बसू?"

आधी एक हसला, मग सगळे. पण तेहतीस हात मांडीवरच राहिले. ठराव पडला. बटणवालीबद्दल कोणाला काही वाटलं म्हणून नव्हे. नुसतं बसून राहायला मेहनत लागत नाही म्हणून. चिटणिसांनी इतिवृत्तात लिहिलं, 'सर्व समूहांच्या सामंजस्याने विषय निकाली.' रविवारचा वाद पुन्हा सुरू झाला आहे. साहेब त्या अकरा मिनिटांचा दाखला देतात की बघा, मिसळलेल्या घरांमुळे काय होतं. चिटणीस म्हणतात, पाच पेट्या हव्या होत्या.

सोमवारी सकाळी बटणवाली जिना चढून नऊ घरी गेली. दार उघडलं की किल्ली पुढे करायची.

"एका हाताने किल्ली देता आणि दुसरा वर करता. दोन्ही हात तुमचेच, तर किल्लीही तुमच्याकडेच राहू द्या."

साहेबांनी विचारलं, "आणि दार लागलं तर?"

"तुमच्या माणसांना हाक मारा."

ती माझ्या दारावरून गेली, पण थांबली नाही. मी हात वर केला नव्हता. तोंडही उघडलं नव्हतं. त्या नऊ घरांची यादी मी तारखेनिशी लिहून ठेवली आहे. तीनही समूहांतली आहेत, प्रत्येकातली बरोबर तीन. एवढा एकोपा आमच्या इमारतीत त्याआधी कधी दिसला नव्हता.