तलावाच्या पाण्याची वही

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाशेजारी पाझर तलाव खोदला गेला, तेव्हा मी आणि माझी आई, दोघी त्या कामावर होतो. आई टोपल्यात माती भरायची, मी डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायची. तेव्हाच ओव्हरसियरनं सगळ्यांना सांगितलं होतं की हे पाणी उपसायचं नाही, ते जमिनीत मुरून खालच्या विहिरींना जाणार. आमच्या बौद्धवस्तीची विहीर तलावाच्या अगदी खाली होती. त्यामुळे ते वाक्य मी नीट लक्षात ठेवलं.

दोन वर्षांनी मी त्याच गावच्या शाळेत मास्तरीण झाले. वडील जऊळक्याच्या स्टेशनवर गँगमन होते. गाडीत कुणी विसरलेली वर्तमानपत्रं, मासिकं ते माझ्यासाठी आणत. एकदा त्यांनी एक हिंदी मासिक आणलं, रशियातलं. त्यात उत्तरेकडच्या समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या एका तुकड्यावर तंबू ठोकून राहणाऱ्या माणसांची हकीकत होती. पायाखालचा बर्फ किती जाड राहिला, कडेनं किती फुटून गेला, हे ती माणसं मोजून लिहून ठेवत. काही बदललं नाही, तरी तेही लिहीत. तुकडा लहान होत होता आणि तो लहान होतोय हे त्यांना माहीत होतं.

मी वडिलांना ते वाचून दाखवलं. वडील म्हणाले, "बर्फ फुटून राह्यला तं पळून काहून नाही जात?"

"जातात ना बाबा. पन वही घेऊन जातात."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर हाय."

त्या हिवाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी एकदम खाली गेलं. तलाव भरलेला असताना असं का व्हावं, ते कुणी सांगेना. खरं तर सगळ्यांना ठाऊक होतं. सोसायटीच्या चेअरमननं तलावाच्या काठावर डिझेलचं इंजिन बसवलं होतं आणि पाइप थेट त्याच्या संत्र्याच्या बागेत नेला होता. बोलायला गेलं की तो म्हणायचा, "उन्हानं आटते पानी. उन्हाले कोन अडवनार?"

मी सागाचा एक खांब घेतला, त्यावर चार-चार बोटांवर पांढऱ्या रंगानं रेघा मारल्या आणि आईला घेऊन तलावात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही दोघींनी तो रोवला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जायच्या आधी मी पाणी कोणत्या रेघेवर आहे ते वहीत लिहायला लागले. इंजिन चालू होतं की बंद, तेही.

आठ दिवसांनी चेअरमन बांधावर उभाच होता.

"मास्तरीणबाई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"पानी मोजून राह्यली."

"तुमच्या लोकायले कोनं सांगतलं इथं हात घालाले?"

"हा तलाव आमी खोदला," मी म्हणाले. "तुमी नव्हते त्या कामावर."

दुसऱ्या सकाळी खांब उपटून काठावर फेकलेला होता, मधोमध मोडलेला. आईनं त्याचे दोन्ही तुकडे उचलले आणि चुलीसाठी घरी नेले. "सरपन झालं," ती म्हणाली. मला रडू आलं होतं, पण तिच्यापुढे रडायची सोय नव्हती. वडिलांनी रेल्वेच्या कामावरच्या माणसाकडून छिन्नी मागून आणली. बांधाच्या उतारावर, पाण्यात अर्धा बुडालेला एक काळा खडक होता, दहा माणसांनाही हलवता आला नसता असा. त्यावर मी आणि आईनं तीन सकाळी बसून खाचा पाडल्या. खालच्या खाचा पाणी उतरेल तशा पाडत गेलो. आमच्या हातांना फोड आले. वही थांबली नाही.

मार्चमध्ये बीडीओ साहेब शाळेच्या ओसरीवर सभेला आले. चेअरमन त्यांच्या शेजारी बसला होता. पाण्याचा विषय निघाला तसं त्यानं ठरलेलं उत्तर दिलं, ऊन. मी उठले. वही उघडून वाचायला लागले: इंजिन बंद होतं त्या दिवशी पाणी अर्धं बोट उतरलं. इंजिन चालू होतं त्या दिवशी दोन बोटं, कधी तीन. ऊन दोन्ही दिवस सारखंच होतं. पानामागून पान मी वाचत राहिले. कुणीतरी मागून "बसा आता" म्हणालं. मी बसले नाही.

साहेबांनी विचारलं, "तुम्हाला हे मोजायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग कशाला मोजता?"

"दुसरं कोणी मोजत नाही म्हणून."

त्यांनी वही मागून घेतली, बराच वेळ चाळली आणि चेअरमनकडे न बघता म्हणाले, "इंजिन काढा."

इंजिन निघालं. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीला तळाशी का होईना, पाणी राहिलं. आणि जूनमध्ये माझी बदली किन्हीराजाच्या शाळेत झाली. कारण कागदावर नव्हतं, आणि मीही विचारायला गेले नाही. विचारलं असतं तर मी घाबरले असं चेअरमनला वाटलं असतं.

जाताना काळजी एकच होती. आईला लिहिता येत नव्हतं. ती म्हणाली, "मले बोटं तं मोजता येतात." तिनं घराच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली. एक बोट, एक रेघ. इंजिन दिसलं तर रेघेवर फुली. रविवारी मी घरी यायची आणि भिंतीवरचं वहीत उतरवायची. पुढच्या पौषात फुल्या पुन्हा दिसायला लागल्या. मी बीडीओ साहेबांकडे अर्ज केला. इंजिन कधी निघायचं, कधी परत यायचं, असं ते चाललं. आमचं मोजणं मात्र एकदाही चुकलं नाही.

एका रविवारी मी घरी पोचले तर अंगणात चेअरमनचा धाकटा भाऊ उभा होता. वाटण्या झाल्यावर त्याच्या वाट्याला तलावाखालचं शेत आणि विहीर आली होती. त्याआधी तो आमच्या वस्तीत कधी आला नव्हता.

"मावशी," तो आईला म्हणाला, "पानी कितीक उतरलं ह्या हप्त्यात?"

आई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. "थांब," ती म्हणाली, "एवढी भाकर होऊ दे, मंग सांगतो."

तो थांबला.