दुसरा प्रश्न

आमच्या स्टुडिओत अरबी आवाज देणारा जो माणूस होता, त्याच्यावर माझा पहिल्या आठवड्यापासून संशय होता. तो इजिप्शियन साऊंड इंजिनिअरशी इजिप्तच्या अरबीत बोलायचा, लेबनीज क्लायंटशी लेबनॉनच्या, आणि पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे पायघोळ झग्यातला, कुणी स्थानिक माणूस आला की आवाज खाली उतरवून इथल्या, खाडीच्या अरबीत. मला अरबी येत नाही. पण माणूस कधी बदलतो हे कळायला भाषा यावी लागत नाही. त्याचे खांदेसुद्धा बदलायचे.

माझं बालपण इचलकरंजीत पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये. पत्रकं ते लिहायचे, घड्या आई आणि मी घालायचो. त्या घरात पाढ्यांच्या आधी मला शिकवलं गेलं की प्रत्येक सभेत एक खबऱ्या असतो, आणि तो कोपऱ्यात गप्प बसलेला नसतो, सगळ्यात जोरात घोषणा देणारा असतो. ज्याचं सगळ्यांशी जमतं, त्याच्यापासून जपून.

हे शिक्षण घेऊन मी दुबईत आले. करामा भागात एका जुन्या इमारतीत आमचा स्टुडिओ आहे. बांधकामाच्या साइटवर वाजवायच्या सूचना, जाहिराती, मॉलमधल्या घोषणा असं काम. हिंदी आणि कधीमधी मराठी आवाज माझा. जेवायला डबा आणणारे आम्ही दोघंच, म्हणून पँट्रीत समोरासमोर बसून इंग्रजीत बोलायचो. माझी लसणाची चटणी तो न विचारता घ्यायचा. मला ते बरंच वाटायचं. संशयित माणूस समोर बसलेला असला की लक्ष ठेवायला सोपं.

त्याला लोक काय विचारतात तेही मी ऐकायचे; तेच तेच ऐकून तेवढी अरबी कळायला लागली होती. नवा अरब माणूस आला की पहिला प्रश्न, कुठले? तो म्हणायचा, जॉर्डन. मग जरासं थांबून दुसरा प्रश्न यायचा: हो, पण मूळचे? यावर तो हसून म्हणायचा, "मूळचा आदमचा, हबीबी. तुम्ही?"

तो दुसरा प्रश्न मला चांगला ओळखीचा होता. आपल्याकडे आडनावावरून कळलं नाही की गाव विचारतात, आणि गावावरूनही कळलं नाही की गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतात. हा प्रश्न भूगोलाचा कधीच नसतो. तरीही त्याच्या त्या हसण्याने माझा संशय वाढायचाच. लपवायचं काही नसेल तर माणूस सांगत का नाही?

त्या दिवसांत गाझाच्या बातम्या अहोरात्र चालू होत्या, पण आमच्या पँट्रीतल्या टीव्हीवर फक्त क्रिकेट आणि स्वयंपाकाचे कार्यक्रम. तसा हुकूम कोणी काढला नव्हता. बातम्या लागल्या की कोणाचा तरी हात रिमोटकडे जायचा, आणि तो कोणाचा हे बघायचं नाही अशी पद्धत पडली होती. मी एकदा रागाने म्हणाले, "मेलेल्यांची बातमीसुद्धा बघायची नाही का?" सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. तो तेवढा माझ्याकडे बघत होता. झालं, मी मनात म्हटलं. हाच.

मग एका संध्याकाळी मॅनेजरांनी मला गाडीतून शारजातल्या रोल्लापर्यंत, माझ्या खोलीपर्यंत, सोडतो म्हटलं. ते पुण्याचे, शारजात सहकुटुंब राहतात. मुलीला करामातल्या डान्स क्लासमधून घेतलं आणि आम्ही नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो.

"अगं, एक नाजूक काम आहे. तू आपली म्हणून सांगतो."

'आपली' हा शब्द आला की मी सीटबेल्ट चाचपते.

"आपला अरबी व्हॉइस. पासपोर्ट जॉर्डनचा आहे, ते ठीक. पण मूळचा कुठला? घरचे कुठे असतात? एक मोठा क्लायंट येतोय, वर्षभराचं काम आहे. त्यांना सध्या सेन्सिटिव्ह बॅकग्राउंड नकोय. उद्या ह्याने फेसबुकवर काहीबाही लिहिलं म्हणजे?"

"त्यांनाच विचारा ना, सर."

"मी विचारलं की ते ऑफिशियल होतं. तू जेवतेस त्याच्याबरोबर."

मागच्या सीटवरून त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो क्रीपी."

"तू गाणी ऐक, पिल्लू." मग मला, "पुढच्या आठवड्यात त्याचं रिन्यूअल आहे. क्लीन असेल तर खलास, विषय संपला, सही करून टाकू. नाहीतर बघू, इन्शाल्ला."

आमचे मॅनेजर 'नाही' म्हणायला इन्शाल्ला वापरतात. आणि इथे नोकरी गेली की व्हिसा जातो. तो, त्याची बायको, शारजाच्या शाळेत जाणाऱ्या दोन मुली, सगळ्यांनी निघायचं. कुठे, हे 'मूळचा कुठला' या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नव्हतं त्यालाच ठरवावं लागणार.

खबऱ्याचं काम मला सांगितलं गेलं होतं. मला! रात्रभर संताप संताप झाला. पण खरं लिहायचं तर त्या संतापाखाली उत्सुकताही होती. मलाही जाणून घ्यायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता मी विचारलं, "तू मूळचा कुठला?"

त्याचा चमचा थांबला. "कोण विचारतंय? तू की तो?"

"दोघं."

तो मोठ्याने हसला, आणि मग दाराकडे बघून हळू आवाजात बोलू लागला. आजोबा पॅलेस्टिनी, हैफाजवळच्या गावचे, ते गाव आता नकाशावर नाही. आई सीरियातल्या होम्सची. जन्म कुवेतमधला, तिथल्या युद्धानंतर बाहेर पडावं लागलं, मग अम्मान. बायकोची बहीण गाझात आहे. जिन्यात जाऊन तो दबक्या आवाजात फोन करतो हे मी बरेचदा पाहिलं होतं; ते फोन तिलाच. "आता सांग," तो म्हणाला, "यातलं काय सांगणार त्याला?"

"काहीच नाही. असली माहिती देणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"तत्त्व!" त्याने चटणीचा डबा बाजूला सारला. "बाई, तू गप्प बसलीस तर तो समजून जाईल. साध्या माणसाबद्दल कोणी गप्प बसत नाही. मला तुझं मौन नको, चांगलं खोटं दे."

वडिलांनी पत्रकात खोटं कधी छापू दिलं नाही. मोर्चाला चारशे आले तर चारशेच लिहायचं. शिवाय आणखी एक किडा डोक्यात वळवळत होता. मॅनेजरांनी त्यालाच माझी परीक्षा घ्यायला बसवलं असेल तर? खोटं बोलताना सापडेन ती मी. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो चेहरा सगळ्यांशी जमवून घ्यायला तयार झालेला.

तरी मी केबिनमध्ये गेले आणि बोलले. मूळचे अम्मानचेच, सर. आजोबांचं तिथे मिठाईचं दुकान होतं, आता चुलतभाऊ बघतो. राजकारणाचा गंध नाही, फुटबॉल सोडून काही कळत नाही. मिठाईचं दुकान माझ्या तोंडात कुठून आलं देव जाणे. बोलताना मी एकदाही अडखळले नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सही झाली. क्लायंट आला, कामही सुरू झालं.

आणि त्याने माझ्याबरोबर जेवणं सोडलं. भांडण नाही, काही नाही. "आज भूक नाही," "आज खाली जातोय," मग तेही बंद. आधी मी चिडले. याच्यासाठी मी आयुष्यातलं पहिलं पद्धतशीर खोटं बोलले, आणि हा! नंतर लक्षात आलं. त्या अख्ख्या ऑफिसात खरं माहीत असलेली मी एकटीच होते. त्याच्या जागी मी असते तर मीही माझ्यासमोर बसले नसते. कधीकधी वाटतं, हैफा, होम्स, कुवेत हीसुद्धा माझ्यासाठी काढलेली एक आवृत्ती असेल. पडताळायला मला जागा नाही.

महिन्याभराने मॅनेजर पँट्रीत आले. खुशीत होते. "तुझं ते अम्मानचं एकदम करेक्ट निघालं हं. क्लायंटला काही प्रॉब्लेम नाही. आता तो नवीन सुदानी एडिटर आलाय ना, खार्तुमचा म्हणतो. तिकडच्या लढाईत कुठल्या बाजूचा आहे, जरा बघशील?"

रेकॉर्डिंग रूमच्या काचेपलीकडून आमचा अरबी आवाज आमच्याकडेच बघत होता. हेडफोन कानाला होते, पण माईकचा लाल दिवा लागलेला नव्हता, म्हणजे रेकॉर्डिंग चालू नव्हतं.

नाही म्हणावं तर मॅनेजरांनी विचार केला असता की मग तेव्हा हो कशी म्हणाली. आणि एकदा का त्यांनी तो विचार सुरू केला, की अम्मानमधलं मिठाईचं दुकान शोधायला त्यांना किती वेळ लागणार?

"बघते, सर," मी म्हणाले.

संध्याकाळी लिफ्टपाशी मी त्या सुदानी एडिटरला गाठलं आणि म्हटलं, "मी काहीही विचारलं, तरी मला खरं सांगू नकोस."

तो एक पाऊल मागे सरकला.

"तुला कोणी पाठवलं?" त्याने विचारलं.