डिझेलमध्ये रॉकेल

मी कराड सोडलं तेव्हा अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दोन्ही हात कोपरापर्यंत डिझेलनं माखलेले होते. उसाचा हंगाम भरात होता, वर्कशॉपच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि मुंबईला जाणारा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी पाया पडायला वाकले तर अप्पाच मागं सरकले. "हाताला डिझेल हाय, लांबनंच नमस्कार कर," म्हणाले. पण राहवलं नाही, म्हणून मनगटानं डोकं थोपटलं आणि पुन्हा पंपाकडं वळले. आई खिडकीतून डब्यांवर डबे आत सारत होती. समीर, माझा नवरा, दोन महिने आधीच जर्मनीत पोचला होता, त्यामुळे मी एकटीच निघाले होते. उंब्रज येईपर्यंत मी रडले नाही. नंतरचं ड्रायव्हरला विचारा.

शाळासोबत्यांनो, तुम्ही जे कराडात राहिलात त्यांना हे सगळं माहीत आहे, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना आपापलं आठवेल. पण पुढचं जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. माझ्या कराडला परत येण्याचं काय झालं, असं तुम्ही अजून विचारता. म्हणून लिहिते.

आमचं वर्कशॉप इंजिनांच्या डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं. मी शाळेत असल्यापासून तिथं वाढले. नोझलमधून निघणारा फवारा नुसत्या डोळ्यांनी जोखायला शिकले, मग सांगलीला मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि परत तिथंच उभी राहिले. अप्पांचा जन्माचा वैरी एकच, रॉकेल. स्वस्त पडतं म्हणून लोक रेशनचं रॉकेल डिझेलमध्ये मिसळायचे. रॉकेलला चिकटपणा नाही, पंपातले प्लंजर, म्हणजे आतले दट्टे, कोरडे पडून घासतात आणि गाडी वर्षभरात आमच्या दारात येते. त्यात आमचाच धंदा होता म्हणा, पण अप्पांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं की रॉकेल घातलेल्या गाडीला इथं हात लावला जाणार नाही. "पंपाला रॉकेल पाजणं म्हंजे लेकराला उपाशी पळवणं," असं ते ड्रायव्हरच्या तोंडावर सांगायचे आणि आलेलं गिऱ्हाईक घालवायचे.

आणि इथं? हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका खेड्यात आमचा फ्लॅट. समीर सॉफ्टवेअरवाला, सकाळी बसनं जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. डिग्रीची आनएर्केनुंग, म्हणजे ती इथं ग्राह्य धरली जाते का, याचे कागद कुठल्या तरी टेबलावर पडून होते. मी भाषेच्या वर्गाला जायचे, पोळ्या करायचे आणि उरलेल्या वेळात घर उघडायचे. खरंच उघडायचे. कॉफी मशीन खोललं, व्हॅक्यूम क्लीनर खोलला, एकदा हीटरचा व्हॉल्व्ह खोलला तेव्हा समीरनं हात जोडले. हात शिवशिवत असले की माणूस कसा वागतो हे रिकाम्या बसलेल्या कारागिरालाच कळेल.

त्या हिवाळ्यात अप्पांचा फोन आला. डोळे अधू झाले होते. "आता नोझलचं भोक दिसत न्हाई मला. तू येनार असशील तर वर्कशॉप ठेवतो, न्हाईतर भीमरावला दिऊन टाकतो. पाडव्याच्या आत सांग." भीमराव म्हणजे आमचे जुने मेकॅनिक. मी त्याच दिवशी हो म्हणून टाकलं. फेब्रुवारीच्या अखेरीला मी कराडला जायचं, समीरनं वर्षभरात पुण्याला बदली होते का ते बघायचं. तो "जा" म्हणाला, पण ते ज्या स्वरात म्हणाला त्याचा मला राग आला, आणि त्यानं अडवलं नाही याचाही आला. तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा.

मग कडाक्याची थंडी पडली. आमच्या भागात कार्प माशांची तळी आहेत, गावागावाला. रोज सकाळी समीर गेला की मी त्या तळ्यांच्या बांधावरून तरातरा चालायचे. त्या दिवशी पारा उणे अठराच्या खाली होता, नाकातला श्वास गोठत होता. बांधापलीकडच्या शेडमधून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. दोन मिनिटं चालला, आचके दिले, बंद पडला. पुन्हा स्टार्टर, पुन्हा आचके. तिसऱ्यांदा तोच प्रकार झाल्यावर माझे पाय आपोआप शेडकडं वळले.

आत हेर बाउमान, म्हणजे बाउमानसाहेब, होते. तळी त्यांची. पासष्टीचा माणूस, कान झाकणारी टोपी, आणि तोंडावर असा भाव की आपल्याकडं जनावर आजारी पडलं की माणसाच्या तोंडावर येतो. माझ्या मोडक्या जर्मनमधून आणि त्यांच्या फ्रँकिश बोलीतून मला इतकं कळलं की हिवाळ्यात सगळे मासे एका खोल तळ्यात ठेवतात. तळ्यात पाणी आणणारा ओढा गोठला होता, वर बर्फाचा जाड थर, त्यावर पुन्हा हिम. ताजं पाणी मिळालं नाही तर खाली मासे गुदमरून मरणार. तळ्याला वीज नाही. तळ्यातलंच पाणी हवेत उसळवून पुन्हा आत सोडणारा, ट्रॅक्टरवर चालणारा पंप होता, पण ट्रॅक्टरच चालेना. दुसरा ट्रॅक्टर पोरगा घेऊन जंगलात लाकडाला गेला होता. "तीन वर्षं लागतात एक कार्प वाढवायला," ते म्हणाले आणि पुन्हा स्टार्टरकडं वळले.

मी मासे खात नाही. आमच्या घराण्यात कुणी खाल्लेले नाहीत. तरीही मी कोट काढून बाजूला ठेवला.

"मी शेटे. डिझेल मेकॅनिक आहे," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ट्रॅक्टरकडं पाहिलं आणि पाना माझ्या हातात दिला. आणखी काही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

सुरू होऊन बंद पडतो म्हणजे एअर धरली, डिझेलच्या पाइपात हवा अडकली, हे माझ्या रक्तात. फिल्टरचा स्क्रू ढिला केला, हातपंप मारत बसले. ना हवा आली, ना डिझेल. मग फिल्टरखालची काचेची वाटी पुसून पाहिली तर आत डिझेल दुधट, गढूळ, तळाला पांढरा साका. आता माझी खात्रीच पटली.

"यात भेसळ आहे," मी म्हणाले. "पेट्रोलपंपवाल्यानं तुम्हाला फसवलंय."

हेर बाउमान ताठ झाले. "नाइन, नाही. तीस वर्षं मी एकाच ठिकाणचं डिझेल घेतो. फ्राउ शेटे, इथं असं कुणी करत नाही." मी माझ्याकडचं सगळं जर्मन गोळा करून त्यांना पटवायला लागले की सगळीकडं करतात, फक्त पकडता आलं पाहिजे. दोघंही चांगलेच तापलो. उणे अठरामध्ये भेसळीवर भांडणारे आम्ही दोघंच असू. शेवटी त्यांनी त्या वाटीतला पांढरा गोळा बोटावर घेतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. हात गार पडलेला, तरी तो हळूहळू विरघळला आणि स्वच्छ डिझेल उरलं.

मी तोंडघशी पडले. डिझेलमध्ये मेण असतं हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कराडात ते गोठलेलं बघणार कोण? हे थंडीत खोबरेल तेल गोठतं तसंच होतं, दुसरं काही नाही. इथं हिवाळ्यात पेट्रोलपंपावर वेगळं, न गोठणारं डिझेल मिळतं. हा ट्रॅक्टर मात्र मासे काढायचा हंगाम संपल्यापासून शेडमध्ये उभा, टाकीत अजून उन्हाळ्यातलं डिझेल. हेर बाउमान कपाळावर हात मारून "आल्झो, चूक माझी," म्हणाले.

खोबरेलाचं काय करायचं ते मला माहीत होतं. आई बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवायची. हेर बाउमान घरून उकळत्या पाण्याच्या किटल्या आणायला लागले. फिल्टर मी गरम पाण्याच्या बादलीत बुडवला, पाइपांना कडत पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळली, टाकीवर घोंगड्या टाकून वर पुन्हा गरम पाण्याचे कॅन ठेवले. ज्योत लावू दिली नाही. काचेतलं दूध हळूहळू निवळलं.

तेव्हा त्यांनी कोपऱ्यातला निळा कॅन आणला आणि झाकण उघडलं. मी वासावरूनच ओळखलं. रॉकेल.

"आत्ता वितळलंय, ट्रॅक्टर बाहेर काढला की परत गोठेल," ते म्हणाले. "हे मिसळलं तर गोठणार नाही. माझे वडील असंच करायचे, जुन्या ट्रॅक्टरला चालतं." बोलण्यात तथ्य होतं. मेण एकदा धरल्यावर रॉकेलचा उपयोग नाही, पण वितळवून मग घातलं तर ते पुन्हा धरत नाही. माझी डिग्री हो म्हणत होती. हात मात्र उचलेना. मी त्यांना म्हणाले, तुम्ही घाला. ते म्हणाले, माझे हात कापतायत, सांडेल. बाहेर तळं गप्प पडलं होतं.

मी घातलं. धार टाकीत पडताना मला अप्पांची इतकी भीती वाटली की मी मागं वळून पाहिलं.

मग अप्पांनीच शिकवलेलं काम, एकेका नोझलचा नट ढिला करून एअर काढणं. चौथ्या नोझलला डिझेल फसफसून आलं आणि स्टार्टर मारल्यावर ट्रॅक्टर पांढरा धूर ओकत सुरू झाला, तो पुन्हा बंद पडला नाही. त्या धुराला थेट कराडच्या स्टँडमागच्या टेंपोंचा वास होता. ट्रॅक्टर तळ्याकाठी नेऊन पंप जोडला, आणि हेर बाउमाननी बर्फाला आधीच पाडून ठेवलेल्या भोकातून पाणी उसळून पुन्हा तळ्यात पडायला लागलं. मासे दिसले नाहीत. जगले की मेले ते वसंतात तळं रिकामं केल्यावरच कळणार, असं हेर बाउमान म्हणाले आणि माझा हात बराच वेळ सोडायला विसरले.

दुपारी, म्हणजे तिकडं दिवेलागणीला, मी अप्पांना फोन लावला.

"अप्पा, आज मी डिझेलमध्ये रॉकेल घातलं."

पलीकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किती?"

"टाकीच्या चौथाईपेक्षा कमीच."

"पंप कसला? नव्या गाडीचा?"

"न्हाई, जुना. तीस वर्षांचा ट्रॅक्टर."

"मग चालंल." मी सगळं सांगितलं, मेण, तळं, मासे. ते मधे मधे "हं" म्हणत राहिले. मग म्हणाले, "गोठलेल्या तेलाचं मला काय ठावं न्हाई, हितं कवा गोठलंच न्हाई. पर उद्या फिल्टर परत उघडून बघ. सुटलेला गाळ दुसऱ्या दिवशी येतो. परवा बी बघ. थंडी हटंस्तोवर बघत ऱ्हा, त्या मानसाला एकट्याला जमायचं न्हाई."

"बघते."

"मग फेब्रुवारीत कशी यशील तू?"

मला "येते" म्हणायचं होतं. थंडी काय जन्मभर राहणार नव्हती. शब्द ओठावर होता, आणि अप्पांनी मला भरपूर वेळही दिला. पण माझ्या डोक्यात त्या वेळी उद्याचा फिल्टर होता.

"बरं," ते म्हणाले. "भीमरावला सांगतो." आणि फोन ठेवला.

मी संतापले. मला न विचारता त्यांनी ठरवून टाकलं म्हणून संतापले, आणि मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पोटभर रडले. समीर घरी आला तेव्हा मी नुसतं "जात नाही मी" एवढंच सांगितलं. तो माझे काळे झालेले हात स्वतःच्या हातात घेऊन बराच वेळ साबणानं धूत बसला.

वसंतात तळं रिकामं केलं. थोडे मेले होते, बाकीचे तळाच्या चिखलात फडफडत होते. हेर बाउमान दोन मासे बादलीत घालून माझ्या दारात आले, आणि मी खात नाही हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर अंडी देऊन गेले. पुढं परवानगी आली, कागद मिळाले. आता मी शेजारच्या गावी शेतीयंत्रांच्या वर्कशॉपमध्ये पंपांच्या टेबलावर असते, आणि जर्मन लोकांसारखी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", करत असते.

गेल्या खेपेला कराडला आले तेव्हा भीमरावांनी खुर्ची पुसून दिली. "ताई, बसा, हात कशाला खराब करता?" भिंतीवरची अक्षरं रंगात बुजली आहेत. रांगेतल्या एका ट्रॅक्टरला रॉकेलचा वास मारत होता आणि भीमराव त्याचा पंप उघडत होते. माझा जीव तुटला, पण बोलणार काय, आणि कोणत्या तोंडानं? अप्पा हल्ली तिकडं फिरकत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "ही माझी लेक. जर्मनीत हिला ट्रॅक्टरवाले हाका मारत्यात." सांगताना कुठं बघतात ते मला कळत नाही, कारण मला त्यांच्या डोळ्यांकडं बघवत नाही.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं. घरी गेलं की जिवाला स्वस्थता मिळते असं म्हणतात. मला तशी कुठंच मिळत नाही. कराडला आठवडा झाला की मी हेर बाउमानना फोन करून टाकीत हिवाळी डिझेल भरलंत का ते विचारते, आणि इथं परतले की अप्पांनी डोळ्यांत औषध घातलं का ते आईला विचारते. जिथली काळजी अशी लांबून छळते ते आपलं घर, एवढंच मला आता म्हणता येतं. त्या न्यायानं माझी दोन घरं आहेत, आणि रोज त्यातल्या एका घरी मी नसते.