पराटीच्या वावरातलं घर

अनुसयामायला आमच्या नगरातला एकही प्लॉट नंबर ठाऊक नव्हता, तरी तिची भाजी कधी चुकीच्या दारात गेली नाही. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, आणि पालकाची टोपली डोक्यावर घेऊन ती सकाळी सातला यायची. तिच्या लेखी बँकेतले साहेब ‘तुरीच्या धुऱ्यावर’ राहत आणि नर्सबाई ‘बोरीखाली’. आता तिथे ना धुऱ्याचा बांध, ना बोर. डांबरी रस्ता आणि दारादारांत उभ्या गाड्या. अमरावतीच्या या टोकाला वीस वर्षांपूर्वीपर्यंत काळी वावरं होती, आणि त्या वावरांत माय तण निंदायला जायची. वावराचा ले-आउट झाला म्हणून पत्ता कशाला बदलायचा, असा तिचा रोकडा सवाल होता.

“नगर तुमी आता आणलं, सर. जमीन कुठी गेली हाये काय?”

मी या नगरात भाड्यानं राहत होतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन गल्ल्या पलीकडे, पूर्वी कपाशी होती तिथे, मायच्या भाषेत ‘पराटीच्या वावरात’, प्लॉट घेतला. चहाला कोणी आलं की मी तिच्या पत्त्यांची नक्कल करून हशा मिळवायचो. आज त्याची लाज वाटते.

पायाची आखणी होती त्या सकाळी इंजिनिअर आणि सलीम मिस्त्री फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून राहिले होते. माय आली, टोपली खाली ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणी त्या रेघांवरून चालत गेली. जिथे आमची झोपायची खोली येणार होती, तिथे थांबली आणि बसकण मारली.

“इथं पाया नका खंदू. इथं इहीर हाये.”

इंजिनिअरनं मंजूर नकाशा उलगडून दाखवला. त्यात विहिरीचं नावनिशाण नव्हतं.

“कागद कधी वावरात आला होता काय?” माय म्हणाली, आणि बसूनच राहिली.

सलीम मिस्त्री माझ्या कानाशी आला. “सर, खोदून पाहू. बुढीचं वय पाहा. अन् काळ्या मातीचा काही भरोसा नाई.”

पाचेक फुटांवर पहार खणकन वाजली. माती बाजूला केली तशी घडीव काळ्या दगडांची गोलाई दिसायला लागली. आत सगळा भुसभुशीत भराव. सलीमनं पहार ठेवली आणि कपाळ पुसलं. मी काठाशी वाकून पाहिलं. त्या भरावावर आमची भिंत दोन पावसाळे टिकली असती आणि तिसऱ्यात आम्हा झोपलेल्यांना घेऊन खाली गेली असती.

इंजिनिअर लवकर सावरला. घर दहा फूट सरकवू म्हणाला. “आणि बरंच झालं, सर. संडासाचं पाणी यातच सोडू. आयता खड्डा आहे, सगळे तेच करतात.” खोटं कशाला बोलू, मी मान डोलावली.

माय उठली. तिचा आवाज नेहमी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. त्या वेळी तो अगदी खाली आला.

“सर, जागा तुमची, घर तुमचं. पन ज्याचं पाणी पेलं, त्याच्यातच हागाचं काय?”

मी इंजिनिअरला नकाशा परत उलगडायला लावला. संडासाचा खड्डा दुसऱ्या टोकाला घेतला आणि विहीर उपसायला लावली. दीड महिना नुसता मलबा निघत होता; बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग एका दुपारी तळाची माती ओली लागली आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात आभाळ दिसलं.

पुढच्या उन्हाळ्यात नळाला नऊ दिवस पाणी आलं नाही. अख्खी गल्ली आमच्या अंगणात बादल्या घेऊन उभी राहिली. रांगेच्या अगदी शेवटी माय दिसली, हातात पत्र्याची छोटी डबकी. मी लगबगीनं गेलो.

“माय, तू मागे काहून उभी? तुझीच विहीर आहे ही.”

“माही कशी बाप्पा?” ती म्हणाली. “खंदली तवा नवी नवरी होती मी. गोटे वाह्यले डोक्यावर, एवढंच. पाणी त अगुदरचंच होतं.”

ती काही पुढे आली नाही. मी घरातून बादली आणली आणि तिच्या मागे रांगेत उभा राहिलो.