सुधाकरभाऊंचा वार्ताफलक

टोकरखाड्याच्या कॉलनीत मराठी पेपर मुंबईहून यायचा आणि दुपारच्या आत कधीच पोचायचा नाही. धुळ्याहून आलेले सुधाकरभाऊ जवळच्याच गलोंडा गावातल्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. ड्युटी सुटली की ते पेपर वाचायचे आणि ठळक बातम्या रंगीत खडूंनी नाक्यावरच्या फळ्यावर लिहायचे. अक्षर देखणं, आणि त्याचा तोराही तेवढाच.

१९९४च्या जूनमध्ये शेजारच्या खेरडी गावाकडच्या एका मुलीने जीव दिला. भाऊंनी बातमी लाल चौकटीत घेतली, वर 'प्रेमासाठी आहुती' असा मथळा ठोकला आणि आठवडा झाला तरी पुसली नाही.

"भाऊ, वाचीसन आंगवर काटा उना!" शेजारचा सुकदेव म्हणाला. भाऊ खूश झाले.

मग नाशिकच्या कॉलेजातून विजया आली. असल्या बातम्यांचा तरुण मुलांवर काय परिणाम होतो, याचा ती अभ्यास करत होती. कॉलनीतल्या मुलामुलींशी बोलून ती फळ्यापाशी भाऊंकडे आली.

"काका, बहुतेक मुलं एकदा वाचून विसरली. पण जी आधीच खचलीत, ती पुन्हा पुन्हा इथे येऊन उभी राहतात."

"म्हणजे आता बातम्या तुम्हाला विचारून लिहायच्या?" भाऊंना मिरच्या झोंबल्या. ती वही मिटून बस स्टँडकडे निघाली.

भाऊंनी वळून पाहिलं. फळ्यासमोर भक्ती उभी होती, त्यांचीच मुलगी, बारावीत नापास झाल्यापासून अबोल झालेली. ती कालही तिथेच होती. पोरीला बापाचं अक्षर आवडतं, असं ते समजत होते!

त्यांनी धावत विजयाला गाठलं.

"ताई, माझीच पोर तिथे उभी असते. जीव देण्याचं तिला कसं विचारू? नसलेलं डोक्यात भरलं तर?"

"विचारल्याने भरत नाही, काका. सरळ विचारा, रागावू नका. आणि तिला एकटी सोडू नका."

परत येताच भाऊंनी तळहाताने बातमी पुसली आणि भक्तीला घरी आणलं. तिच्यासमोर बसले.

"भक्ती, जीव द्यावासा वाटतो का गं तुला?"

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. विचारून आपणच घात केला, असं भाऊंना वाटलं.

"वाटतो," ती अखेर म्हणाली. "निकालापासून तुम्ही माझ्याकडे बघत नाही, पप्पा. फळ्याकडे रोज बघता. म्हणून तिथे उभी राहायचे."

भाऊंनी तिचा हात घट्ट धरला आणि बायकोला हाक मारली, "कुसुम, चप्पल घाल. तिघं डॉक्टरांकडे जाऊ."