चेंडू हातातून सुटल्यावर

"पढ़िए मॅडम. माइक पे पढ़िए."

क्लबच्या अध्यक्षानं नियमांचं पुस्तक माझ्या अंगावर फेकलं. छातीले लागून ते कोर्टवर पडलं. मी वाकली, उचललं. त्या वाकण्याचा मले अजून राग येते.

मी सरकारी शाळेत पीटी शिकवते आणि बास्केटबॉलची रेफरी आहे. रायपुरात तेलीबांध्याकडच्या त्या क्लबात पोरींची फायनल होती. अध्यक्ष पंडरी बाजारातला कापडाचा ठोक व्यापारी, त्याची पुतणी क्लबच्या टीममध्ये. समोर रेल्वे लाइनीमागच्या एका पाऱ्याच्या, म्हणजे गरीब वस्तीतल्या, पोट्ट्या. सात सेकंद उरलेले, स्कोर बरोबरीत. पाऱ्याची पोट्टी शेवटचा फ्री थ्रो मारून राहिली होती. चेंडू तिच्या हातातून सुटला, हवेत होता, तेवढ्यात पुतणीनं बाजूला उभ्या पाऱ्याच्याच दुसऱ्या पोट्टीच्या बरगडीत कोपर घातलं. मी शिट्टी मारली. चेंडू जाळीत गेला.

नियम सरळ आहे. हातातून सुटलेला चेंडू शिट्टीनं बाद होत नाही. पॉइंट धरायचा. वरून क्लबचा तो पाचवा टीम फाउल, म्हणजे कोपर खाल्लेल्या पोट्टीले दोन फ्री थ्रो.

पण या क्लबात घरचा नियम चालते. शिट्टी वाजली, खेळ थांबला, बास्केट कॅन्सल. तोही क्लबचं नुकसान होत असलं तरच. टेबलावरचा स्कोअरर आधी अध्यक्षाचं तोंड पाहते, मग आकडा लिहिते. मागच्या वर्षी मी पण मान डोलावली. असाच पॉइंट कापला. हरलेल्या टीममध्ये माझ्याच शाळेची एक पोट्टी होती. ती एवढंच म्हणाली, "दीदी, रूल तो आपने ही सिखाया था." थूः माझ्या जिंदगीवर, असं वाटलं तेव्हा.

या वेळी मी पॉइंटचं बोट वर केलं, म्हणून ते पुस्तक अंगावर आलं. तर मी वाचू लागली. पुस्तक इंग्रजीत. मले नियम पाठ, पण इंग्रजी वाचताना जीभ अडखळते. एका शब्दावर दोनदा अडली. क्लबवाले खुर्च्यांवर हसले. अध्यक्ष माइकजवळ वाकला, साऱ्यांले ऐकू जाईल असा बोलला.

"सीटी तो कोटे में मिल गई. रूल कोटे में नहीं मिलता."

दुसरा रेफरी जवळ आला. मराठ्यांच्या राज्यापासून रायपुरात असलेलं त्याचं घराणं. माझं आडनाव कळल्यापासून माझ्याशी हिंदीतच बोलणारा माणूस. त्या दिवशी त्याले मराठी आठवली. "ताई, जाऊ द्या ना. पत्र पाहिजे ना तुम्हाले?"

पाहिजे होतं. राज्याच्या रेफरी पॅनलची परीक्षा द्यायची तर अध्यक्षाचं शिफारसपत्र लागते. तीन वर्षं मी त्याच पत्रासाठी त्या क्लबात फुकट शिट्टी मारून राहिली होती. पुन्हा मान डोलवावी असं आलं मनात. खोटं काहून सांगू?

मग नजर त्या कोपर खाल्लेल्या पोट्टीवर गेली. बरगडी धरून उभी होती. रडत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, आणि तिले माहीत होतं मी काय करणार. मी पॉइंट कापणार, हेच तिले माहीत होतं. ते मले सहन झालं नाही.

मी पुस्तक मिटलं. माइकवर न वाचता बोलली. "बॉल हाथ से छूट गया था. पॉइंट गिना जाएगा. फाउल भी गिना जाएगा. दो शॉट."

चेंडू तिच्या हातात दिला. एक गेला, एक हुकला. उरलेल्या सेकंदांत क्लबले काही जमलं नाही. पोट्ट्या दोन पॉइंटनं जिंकल्या. सही करायले टेबलावर गेली तर स्कोअररनं तो पहिला पॉइंट खोडून ठेवलेला. त्याले परत लिहायले लावला, मगच सही केली. अध्यक्ष मागून म्हणाला, लेटर भूल जाइए.

पत्र गेलं, या वर्षीची परीक्षा गेली. कोणी शाबास म्हटलं नाही, आणि दुसरा रेफरी आता हिंदीतही बोलत नाही. राग शांत झालेला नाही. मी तो शांत होऊ देणार पण नाही. दर रविवारी पाऱ्यातल्या पोट्ट्यांले एकेक नियम त्यांच्या बोलीत पाठ करून घेते. पुढच्या वर्षी पत्र मागायले जाणार नाही. परीक्षेच्या दारात उभी राहीन आणि विचारीन, पत्राचा नियम कोणत्या पानावर आहे ते दाखवा.

आणि पुन्हा कोणी पुस्तक फेकलं, तर मी वाकणार नाही. फेकणारा स्वतः येऊन उचलेल. तोवर खेळ बंद. शिट्टी माझ्याजवळ आहे.