सगळ्या महिन्यांची मावशी

रत्नांच्या दुकानात माणूस कामाला ठेवताना काय बघतात? हाताने साफ आहे का, नजर चांगली आहे का, फार तर आकडेमोड येते का. मावशीला ठेवलं ते तिला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती म्हणून.

खरं तर ती गेली होती झाडलोट आणि चहापाण्याचं काम मागायला. मालकांनी सहज तारीख विचारली. ती म्हणाली, शाळेत घालताना वडिलांनी मास्तरांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून एक ठोकून दिली, ती काही खरी नव्हे. आणि खरी कुणी सांगितली नाही, मीही विचारली नाही. दुसरा कुणी असता तर 'राहू दे' म्हणून पुढे गेला असता. मालक खुर्चीतून उठून उभे राहिले.

मालकांचं म्हणणं असं, की प्रत्येक महिन्याला आपलं एक रत्न असतं. जुलैला माणिक, सप्टेंबरला नीलम, मे महिन्याला पाचू. पण रत्न म्हणजे काही चप्पल नव्हे, मापाची घेतली आणि चालू लागलं. ते मानवतं का, हे विकण्याआधी त्याच महिन्यातल्या कुणाच्या तरी बोटात घालून बघायला हवं. गिऱ्हाईक स्वतः बघायला भितं. म्हणून मालकांनी दुकानातलीच माणसं महिन्यांना वाटून दिली होती: पहारेकरी जानेवारीचा, हिशेबनीस ऑगस्टचा, अंगठ्यांत खडे बसवणारा कारागीर एप्रिलचा. बाकीचे महिने उघडे पडले होते. ऑक्टोबरसाठी आपल्या मेहुण्याला बोलावून बघितलं, पण तो ओपल घालून जो गेला तो परत आलाच नाही. ओपल अशुभ म्हणतात ते उगाच नाही, असं मालक म्हणायचे. हिशेबनिसाचं मत होतं की ओपल बिचारा ठीक होता.

तर अशा अडचणीत ही बाई समोर आली. जिच्यावर कुठल्याच महिन्याचा हक्क नाही तिच्यावर सगळ्यांचा आहे, असा मालकांनी निकाल दिला. हिशेबनिसाने त्याच दिवशी तिचं नाव 'बारमाही' पाडलं. रत्न रात्रीचं दुकानाबाहेर ठेवायचं नाही, म्हणून दुकानाच्या वरची खोली तिला राहायला मिळाली.

ही खोली नीट बघायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. एक खाट, एक टेबल, एका शेगडीची जागा. खिडकीतून दुकानाच्या पाटीची मागची बाजू दिसायची, म्हणजे गंजलेला पत्रा आणि खिळे. पण दाराला आतून कडी होती. त्याआधी मावशी भावाकडे राहायची, बाहेरच्या खोलीत, घडीच्या खाटेवर. आणि ती खाट टीव्ही बंद झाल्याशिवाय उघडायची नाही अशी वहिनीची शिस्त होती. लग्न केलं नाही, याची शिक्षा म्हणून बाईला दुसऱ्यांच्या मालिका बघाव्या लागतात. खोली मिळाली त्या दिवशी मावशीने कडी लावली, काढली, पुन्हा लावली, आणि खाटेवर बसून एकटीच हसली.

काम सोपं होतं आणि मावशी ते जीव लावून करायची. अंगठी घालायची, काही दिवस वागवायची, मग गिऱ्हाइकासमोर स्टुलावर बसून काय झालं ते सांगायचं. जांभळा ॲमेथिस्ट दारू चढू देत नाही म्हणतात. मावशी दारूला शिवत नव्हती, म्हणून मालकांनी खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. ती पिऊन मावशी जिन्यातच झोपली. उठल्यावर तिने सांगितलं, खोकला गेला. पण खोकला नव्हताच. पुष्कराज राग शांत करतो, म्हणून तिला दुपारभर वहिनीकडे बसवून आणलं. "मी शांत होते," ती म्हणाली, "वहिनीचं सांगता येत नाही." घालणारा आजारी पडला की पिरोजा फिका पडतो, तो खरंच फिका पडला. कारागीर म्हणाला, धुण्याच्या साबणाने झालंय. डॉक्टर म्हणाले, बाई ठणठणीत आहेत. मालकांनी पिरोजावर विश्वास ठेवला आणि तिला सक्तीने अंथरुणात झोपवलं.

मावशीचा या सगळ्यावर विश्वास होता का? खोलीवर होता.

आता अक्का. अक्का म्हणजे मावशीची थोरली बहीण. वर्षापूर्वी तिचे यजमान गेले आणि मागे अंगण, पुढे ओटा, मधे भल्यामोठ्या खोल्या अशा घरात ती एकटी उरली. पण एकटं वाटतं असं कबूल करणाऱ्यातली अक्का नव्हे. ती म्हणायची, धाकटीकडे बघायला कुणी नको का, तिने माझ्याकडे यावं. धाकटीला पुढचं चित्र स्वच्छ दिसत होतं: उठायची वेळ अक्काची, दिवा घालवायची वेळ अक्काची, आणि मधल्या वेळात कुंड्यांना पाणी. ती दर वेळी सांगायची, दुकान माझ्यावर चालतं, मला सोडणार नाहीत. असं काय काम करतेस, असं अक्काने एकदा खनपटीला बसून विचारलं, आणि मावशीने मूर्खासारखं खरं सांगून टाकलं. अक्काने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझा महिना कळला की तुझी गरज संपली."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुकानात एक वकीलसाहेब आले. जन्म मे महिन्यातला. पाचू घातला की बुद्धीला आणि बोलण्याला धार येते, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. पण पाचू बोटात असताना खोटं बोललं तर त्याला तडा जातो, हेही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. माझा धंदा बघता आधी खात्री केलेली बरी, असं ते म्हणाले. मालकांनी एक टपोरा पाचू मावशीच्या बोटात घातला.

ज्या दिवशी निकाल सांगायचा त्याच सकाळी मावशीचं दूध करपलं. पातेलं खरवडायला तिने कढत पाणी ओतलं, हात घातला, आणि बोटात पाचू आहे हे तिला नंतर आठवलं. कारागिराने बजावून सांगितलं होतं, पाचूला गरम पाण्यापासून जप. खड्यात केसासारखी पांढरी रेघ आली होती. मालकांना कसं सांगावं याचा विचार करत, खडा तळव्याकडे फिरवून ती खाली उतरली, तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत वकीलसाहेब आणि शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन अक्का.

अक्काने प्रस्तावना केली नाही. ही माझी धाकटी बहीण, ती म्हणाली, आणि हिचा जन्म मे महिन्यातला. मालकांनी कशावरून म्हणून विचारलं. अक्काने सांगितलं, शाळेचा निकाल मे महिन्यात लागायचा. तिचा पहिला नंबर आला होता. प्रगतिपुस्तक फडकवत ती घरी धावत आली तर ते बघायला कुणी तयार नाही. सगळे आत, कारण ही जन्मली होती. "आजपर्यंत कुणी बघितलेलं नाही," अक्का म्हणाली. "असला महिना माणूस विसरत नाही."

मालकांचा चेहरा उतरला. मावशी एकट्या मे महिन्याची निघाली तर बाकीच्या महिन्यांची जी रत्नं तिच्या भरवशावर विकली, त्यांचं काय? वकीलसाहेब सवयीने म्हणाले, साक्षीदार प्रत्यक्षदर्शी आहे. तेव्हा मालकांना एकच मार्ग सुचला. त्यांनी अक्काला पाचूवर हात ठेवून तेच पुन्हा बोलायला सांगितलं.

मावशीला बोलायला तेवढाच वेळ होता. रेघ सकाळचीच आहे, एवढं एक वाक्य. ते जिभेवर आलंही होतं. मग तिला घडीची खाट आठवली, कडी आठवली, आणि तिने निमूट हात पुढे केला. अक्काने त्यावर आपला हात दाबला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ही मे महिन्यात जन्मली. मालकांनी डोळ्याला भिंग लावलं. खड्यात तडा.

अक्का लालबुंद झाली. ती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. घरच्यांचं दुखणं खरं म्हणजे तेच होतं. मावशी जमिनीकडे बघत राहिली. मालक मात्र खुलले. एक तर बारमाही बारमाहीच राहिली, आणि दुसरं म्हणजे पाचू अस्सल निघाला. ते वकीलसाहेबांचं अभिनंदन करायला गेले, तर वकीलसाहेब खुर्ची मागे सरकवून उभे. हा नको, ते म्हणाले, न तडकणारा दाखवा.

अक्का म्हणाली, "आणा. असतील नसतील तेवढे सगळे आणा."

दुकानातले सगळे पाचू टेबलावर आले. अक्का एकेकावर बोट ठेवून तेच वाक्य म्हणत गेली, पाढे म्हणावेत तशी. एकाला तडा जाईल तर शपथ. शेवटचा झाल्यावर अक्काने मान ताठ केली. वकीलसाहेब म्हणाले, छान, यातला कुठलाही द्या.

मालकांनी मात्र वेगळाच अर्थ लावला. बाई खोटं बोलतात हे तर मघाशीच ठरलं होतं, आणि त्यांच्या खोट्याने एकही पाचू तडकत नाही. म्हणजे दुकानातला पाचू न् पाचू नकली. वकीलसाहेबांनी विनवण्या केल्या, मला नकलीच हवाय म्हणाले. मालक ऐकेनात. नकली माल आमच्या दुकानातून जाणार नाही. सगळे फोडून टाकायचे. त्यांनी हिशेबनिसाला शटर ओढायला सांगितलं आणि पहारेकऱ्याला हातोडी आणायला. इतकी वर्षं ते खडे बसवणारा कारागीर पुढे झाला. तो पाचूंचा ट्रे छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. हातोडी आली.

"मालक, तो तडा सकाळचा आहे," मावशी म्हणाली. "कढत पाण्याने गेला. अक्का खरं बोलतेय."

"कशावरून?"

"तिला दुसरं काही येतच नाही."

मालकांनी हातोडी टेबलावर ठेवली. कारागीर खाली बसला आणि त्याने ट्रे मांडीवर घेतला. तडा खोट्याने नव्हे, पाण्याने गेला एवढं वकीलसाहेबांना पुरे होतं; खडा किती का महाग असेना म्हणत त्यांनी चटकन एक निवडला आणि मालकांचं मन पुन्हा बदलायच्या आत निघून गेले. 

"म्हणजे तुम्ही मे," मालक म्हणाले.

मावशीने होकाराची मान हलवली. वर्षातून एक महिना. बाकीच्या महिन्यांसाठी दुसरं माणूस बघावं लागणार आणि खोलीही त्याला द्यावी लागणार, हे सगळ्यांना कळलं. अक्का पर्स सावरत उठली. तिने धाकटीला सामान बांधायला सांगितलं. पातेलं तिथेच राहू दे, माझ्याकडे आहेत.

आणि मग मालकांनी, निव्वळ रीत म्हणून, जाणाऱ्या बाईशी चार शब्द बोलावेत म्हणून, विचारलं, "आपला महिना कुठला?"

अक्काने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिला सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते; भावाचा, भाच्यांचा, यजमानांचा. "माझा," ती म्हणाली, आणि थांबली. शाळेत तिचीही तारीख त्याच वडिलांनी त्याच कॅलेंडरकडे बघून दिली होती. आईला विचारायचं राहून गेलं. धाकटीच्या जन्माला थोरली साक्षीला होती. थोरलीच्या वेळी जे होते त्यातलं आता कुणीच नव्हतं. तिने धाकटीकडे बघितलं, जणू तिला तरी आठवत असेल.

"मी नव्हते गं तेव्हा," मावशी हळूच म्हणाली.

अक्काला एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, हे मावशीने उभ्या आयुष्यात प्रथमच बघितलं. आणि मालक, पूर्वी एकदा उठले होते अगदी तसे, खुर्चीतून उठून उभे राहिले.

अक्काने आधी साफ नकार दिला. मला नोकरीची काय गरज, हा काय पोरखेळ, खड्याने का कुणाचं भलं होतं. मालकांनी फक्त काम काय ते सांगितलं: अंगठी घालायची, आणि कसं वाटलं ते लोक विचारायला येतील, त्यांना सांगायचं.

"मला विचारायला येतील? मला कसं वाटतं ते?"

"रोज," मालक म्हणाले. "सविस्तर सांगावं लागेल."

यजमान गेल्यापासून अक्काला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने पर्स पुन्हा टेबलावर ठेवली.

आता अक्का दुकानावरच्या खोलीत राहते. तिने ओपल घातला तेव्हा काहीही वाईट घडलं नाही, कारण ओपलची हिंमत झाली नाही, असं हिशेबनिसाचं मत आहे. गिऱ्हाइकं तासभर तिचं ऐकतात आणि कंटाळून खडा विकत घेतात. विक्री वाढली आहे. एक प्रगतिपुस्तक स्टुलामागच्या भिंतीवर काचेत लावलेलं आहे. मावशीने अक्काच्या ट्रंकेतून शोधून ते आणून दिलं, आणि आल्यागेल्याला ते बघावंच लागतं. मावशी अक्काच्या घरात एकटी असते. तिथल्या दाराला कडी आहे, शिवाय वर बोल्ट.

मे महिन्यात ती पाचू घालायला खोलीवर येते. खाट अक्काची, खाली गादी धाकटीची, आणि दिवा घालवायची वेळ अर्थातच अक्काची. या वर्षी आल्याआल्याच अक्काने विचारलं, माझ्या कुंड्यांना रोज पाणी घालतेस ना?

मावशीने बोटातली अंगठी काढली, टेबलाच्या पार कडेला ठेवली, आणि मग म्हणाली, "हो तर. रोज घालते."